१०८ चा फोन बंगळूरला वाजावा की बेळगावला?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी,

पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रामसभेत यंदा रुग्णवाहिकेवर ठराव आणायचं ठरलंय. ठराव आणायचा यावर एकमत आहे. मागायचं काय, यावर दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

थोडं आधीचं सांगतो. कर्नाटकात १०८ सुरू झाली नोव्हेंबर २००८ मध्ये. तेव्हापासून फोन खानापूरच्या जंगलातला असो की बिदरचा, तो बंगळूरच्या नियंत्रण कक्षात वाजतो, आणि गाडी कुठली सोडायची तेही तिथंच ठरतं. इथून बंगळूर पाचशे किलोमीटर. महाराष्ट्राची १०८ सुरू झाली २०१४ मध्ये, तिचा कक्ष पुण्यात. गोव्याची आपली वेगळी. आपण या तिन्हींच्या सांध्यावर राहतो. आता राज्य सरकारनं २०२५ मध्ये १०८ खासगी संस्थेकडून काढून आरोग्य खात्याकडं घ्यायचं ठरवलंय. रचना बदलणारच असेल तर आपली मागणी आत्ताच पोचली पाहिजे.

माझं मत सरळ आहे: कुठली गाडी सोडायची हे जिल्ह्यातच ठरलं पाहिजे. हलगा म्हटलं तर कुठला? सुवर्णसौधाजवळचा की खानापूर तालुक्यातला? देगाव भीमगडच्या जंगलात आहे आणि कित्तूरकडंही आहे. शहापूर बेळगावातलं, आणि त्याच नावाचा अख्खा तालुका यादगीर जिल्ह्यात. बेळगावात बसलेला माणूस एका प्रश्नात हे सोडवेल. नावांचं एक वेळ सोडा. गवळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव या गावांची पावसातली अवस्था बघा. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी जंगलातल्या वाटेनं, भर पावसात खांद्यावरून आणलं, तेव्हा कुठं ती रुग्णवाहिकेपर्यंत पोचली. पेपरात सगळ्यांनी वाचलंय. अशा ठिकाणी गाडी कुठवर येणार, तिथपर्यंत पेशंट आणायला माणसं किती लागणार, नाल्याला पाणी किती, हे गाडी सोडणाऱ्याला माहीत पाहिजे.

तुमचे अनुभव लिहा. ठरावात काय मागावं तेही लिहा.

निपाणीकर_सुधीर

जिल्ह्याला शंभर टक्के पाठिंबा. आमच्याकडं तर फोन कुठल्या राज्यात वाजेल हेच आधी कळत नाही.

कागवाडची लेक

सुधीरदादा, अगदी. माझं माहेर कागवाड. शेताच्या या टोकाला उभं राहिलं तर कर्नाटकचा टॉवर, त्या टोकाला गेलं तर महाराष्ट्राचा. १०८ हा छोटा नंबर असल्यामुळं मोबाईल ज्या टॉवरला चिकटलाय तिकडच्या कक्षात फोन जातो. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा भावानं फोन लावला तर पलीकडून स्वच्छ मराठी! घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मग गावाचं नाव सांगितल्यावर समजलं की फोन पुण्याला लागलाय, आणि गाव त्यांच्या हद्दीत नाही. त्या ताई भल्या होत्या, "इकडच्या कक्षाला कळवते" म्हणाल्या, पण तोवर भावानं शेजाऱ्यांची गाडी काढून बाबांना मिरजेला नेलंसुद्धा.

आमच्याकडून मिरज अर्ध्या तासाच्या आत. बेळगाव अडीच तास. मग फोन बंगळूरला वाजो नाहीतर बेळगावला, आम्हाला दोन्ही सारखेच लांब. आमचा कक्ष खरं म्हणजे मिरजेत पाहिजे!

पायलट नव्हे ईएमटी

मी हुक्केरी भागात रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून, म्हणजे गाडीत पेशंटवर प्राथमिक उपचार करणारा म्हणून, काम केलंय, त्यामुळं आतलं कसं चालतं ते सांगतो. बऱ्याच जणांचा समज आहे की बंगळूरचा माणूस नकाशा बघून ड्रायव्हरला वाट सांगतो. तसं नाही.

फोन उचलणारा वेगळा आणि गाडी सोडणारा वेगळा. उचलणारा जिल्हा, तालुका, गाव, खूण, काय झालंय, हे विचारून घेतो. सोडणाऱ्याच्या पडद्यावर कुठली गाडी कुठं आहे आणि मोकळी आहे का ते दिसतं. जवळची मोकळी गाडी बघून तो पायलटला फोन लावतो (आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात) आणि फोन करणाऱ्याशी जोडून देतो. तिथनं पुढं पायलट आणि घरचा माणूस थेट बोलतात. आमचा पायलट पहिलं काय विचारायचा माहीत आहे? "डांबरी कुठपर्यंत आहे? तिथं गाडी वळंल का? कोणीतरी बॅटरी घेऊन फाट्यावर थांबा." म्हणजे वाट काढायचं काम आजही स्थानिक माणूसच करतो.

आता जांबोटीकर, तुमच्या मागणीला माझा विरोध कुठं आहे ते सांगतो. उशीर होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गाडी आधीच दुसऱ्या केसवर असते. हुक्केरीची गाडी पेशंट घेऊन बेळगावला गेली की तिथं दवाखान्यात खाट मिळेपर्यंत पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर. स्ट्रेचर सोडून निघता येत नाही. मग परतीचा रस्ता. एवढ्या वेळात हुक्केरीत दुसरी केस आली तर चिकोडी नाहीतर गोकाककडची गाडी येते, कारण वरनं बघणाऱ्याला ती मोकळी दिसते. गाड्या तालुक्या-तालुक्याला वाटून दिल्या तर चिकोडीवाला आपली गाडी सोडून देईल? "आमच्याकडं केस आली तर?" हेच पहिलं उत्तर येणार. गाड्या थोड्या असतात तेव्हा त्या एकत्रच बघितल्या पाहिजेत.

जांबोटीकर

@पायलट नव्हे ईएमटी, मी तालुक्याला वाटा म्हटलेलं नाही. जिल्ह्याचा एक कक्ष म्हणतोय. बेळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, एखाद्या लहान राज्याएवढा पसारा आहे. या पंधरा तालुक्यांच्या गाड्या एकत्र बघायला बंगळूरच कशाला पाहिजे?

पायलट नव्हे ईएमटी

जिल्ह्याची हद्द रामदुर्गला संपते आणि पलीकडं लगेच बागलकोट सुरू होतं, तिथं काय करणार? खानापूरच्या लोंढ्याला कधी कधी पलीकडच्या जिल्ह्याची गाडी जवळ पडते. सीमा कुठंही मारली तरी कोणीतरी सीमेवर राहणारच. आपल्यापेक्षा हे जास्त कोणाला कळणार?

बैलहोंगलचा बसू

माझी मातृभाषा कन्नड, मराठी बाजारात शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

वर कागवाडच्या ताईंनी मराठी ऐकून हायसं वाटलं असं लिहिलंय. ताई, मला पण बंगळूरला फोन लावल्यावर दोनदा सांगावं लागतंय. आमचं उत्तर कर्नाटकचं कन्नड ऐकून तिकडचा पोरगा म्हणतो, "सर, स्वल्प निधानवागी हेळी." हळू कसं बोलू, आमच्या आज्जीला धाप लागलीय! भाषेचा प्रश्न तुमचाच नाही, आमचा पण आहे. म्हणून मी जिल्ह्याच्या बाजूनं. बेळगावचा माणूस कन्नड पण समजून घेईल, मराठी पण, उर्दू पण. इथल्या कुठल्याही कंडक्टरला तिन्ही येतात.

उचगावचा_राजू

बसूअण्णा, कंडक्टरलाच कक्षात बसवूया. फाटा, थांबा, सगळं तोंडपाठ!

मीनाक्षी_टिळकवाडी

खुणेवरून आठवलं. आमच्या मामीनं गाडी मागवताना पत्ता सांगितला होता, "पूर्वी जिथं पिठाची गिरणी होती ना, तिथून डावीकडं." गिरणी बंद होऊन जमाना झाला. पण पायलट गावचा जावई निघाला, बरोब्बर दारात आला.

राजू_उचगावच्या_शेजारचा

जावई सगळीकडं नसतात पण. गणपती मंदिराजवळ म्हटलं तर आपल्याकडं कुठलं गाव सुटेल?

डॉ_अनगोळ

चर्चा चांगली चाललीय. मी आपत्कालीन विभागात काम केलेली डॉक्टर आहे, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

माणसाचं हृदय बंद पडलं तर मेंदूला रक्त न मिळता चार-पाच मिनिटं गेली की कायमची इजा व्हायला लागते. गाडी बंगळूरहून सोडा, बेळगावहून सोडा, खानापुरातल्या खानापुरात सोडा, एवढ्या वेळात ती क्वचितच पोचते. म्हणजे पहिला उपचार गाडीत नसतो. तो फोनवरच्या माणसाच्या तोंडून होतो. "पेशंटला सपाट जमिनीवर झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताचा टाचेकडचा भाग ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर न वाकवता जोरात दाबा, मी मोजते तसं दाबत राहा." मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली निदान पाच सेंटीमीटर, मध्ये थांबायचं नाही. घाबरलेल्या माणसाकडून हे करून घेणं हे कौशल्य आहे. घशात अडकलेला घास, बाळंतीण, साप चावलेला, प्रत्येकाला वेगळी सूचना. जी व्यक्ती रोज असे पुष्कळ फोन घेते तिलाच ते जमतं, आणि पाठीशी सल्ला द्यायला डॉक्टर बसलेला असावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यात चोवीस तास अशी माणसं तीन पाळ्यांत ठेवणं सोपं नाही. मोठ्या कक्षाचा खरा फायदा हा आहे.

पण बसूअण्णांचा मुद्दा इथंच लागू पडतो. "कोपर वाकवू नका" हे ज्या भाषेत चटकन समजेल त्याच भाषेत सांगितलं पाहिजे. सत्तरीची आजी एकटी घरात असेल आणि तिला फक्त मराठी येत असेल, तर कक्ष कितीही आधुनिक असो, तिच्यासाठी बंद आहे. मराठी येणारी माणसं बंगळूरच्या कक्षात प्रत्येक पाळीत असावीत आणि सीमेलगतच्या तालुक्यांतून आलेला फोन आधी त्यांच्याकडं वळावा, एवढं तर आजच्या व्यवस्थेतही करता येईल.

दुसरं म्हणजे गाडी कुठून आली याइतकंच ती कुठं गेली याला महत्त्व आहे. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं चांगलं. राज्य सरकारनं पुनीत राजकुमार यांच्या नावानं २०२३ मध्ये हृदय ज्योती योजना सुरू केली, तिच्यात तालुका रुग्णालयात ईसीजी काढून हे टेनेक्टेप्लेज मोफत द्यायची सोय आहे. मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ ईसीजी लांबून बघतात. पक्षाघातात मात्र आधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर हेच औषध घात करतं. आणि औषधाची मुदत साधारण साडेचार तास. म्हणजे छातीत दुखणाऱ्याला आधी जवळच्या तालुक्याला न्यायचं, आणि तोंड वाकडं झालेल्याला सीटी असलेल्या ठिकाणी थेट. नाहीतर घरून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून तालुका, तिथून बेळगाव, प्रत्येक ठिकाणी "रेफर" चा कागद, आणि मुदत निघून जाते.

निपाणीकर_सुधीर

डॉक्टर, हे सगळं आमच्या यूट्यूबवाल्या तज्ज्ञांना सांगा, छातीत दुखलं की जोरजोरात खोका म्हणणाऱ्यांना.

डॉ_अनगोळ

सुधीर, तो खोकायचा निरोप कृपया कोणी पुढं पाठवू नका. वेळ वाया जातो.

आखेनहून प्रसाद

मूळचा येळ्ळूरचा, सध्या जर्मनीत आखेनला. इथलं थोडं सांगतो, कारण आमचंही गाव तीन देशांच्या सांध्यावर आहे: जर्मनी, नेदरलँड आणि बेल्जियम.

जर्मनीत रुग्णवाहिका सोडायचं काम स्थानिक. देशात दोनशेच्या वर नियंत्रण कक्ष आहेत, एकेका जिल्ह्याचा किंवा दोन-चार जिल्हे मिळून एक. नेदरलँड मात्र उलट्या दिशेनं गेला, लहान कक्ष एकत्र करत करत देशभरात दहा ठेवले, आणि त्यांची यंत्रणा एकच असल्यामुळं एका कक्षावर ताण आला तर दुसरा फोन घेतो. दोन्ही देशांत लोकांना बरी सेवा मिळते. त्यामुळं स्थानिक की केंद्रीय, या एका प्रश्नावर सगळं ठरतं असं मला वाटत नाही.

मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आखेन, मास्ट्रिख्ट आणि लिएज या भागांत रुग्णवाहिकांचा करार आहे. जवळची गाडी पलीकडच्या देशाची असेल तर ती सीमा ओलांडून येते, आणि पेशंटला सोयीच्या रुग्णालयात नेते, मग ते कुठल्या का देशात असेना. पैसे कोणी कोणाला द्यायचे, डॉक्टरांची पात्रता, वायरलेस, सगळं आधी बसून ठरवलेलं. तीन देश, तीन भाषा. आणि आपल्या कोगनोळीच्या सीमेवर मात्र एकाच देशातली दोन राज्यं!

कागवाडची लेक

प्रसाददादा, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. म्हणजे आमच्या माणसाच्या पलीकडच्या उपचाराचा विचार झाला. पण त्याला तिथपर्यंत नेणाऱ्या गाडीचा विचार कोणी केला नाही.

सदलग्याचा विनायक

ताई, तो विषय इथं काढला की दोन्हीकडचे पुढारी धाग्यात उतरतील. 🙂

जांबोटीकर

राजकारण नको, विनंती. पेशंटपुरतं बोलूया.

सदलग्याचा विनायक

मान्य. मग कोविडमधलं सांगतो, ते पेशंटपुरतंच आहे. २०२० च्या मार्चमध्ये कर्नाटकानं केरळची हद्द तलपाडीला बंद केली. कासरगोडची माणसं उपचाराला पिढ्यान्‌पिढ्या मंगळूरला जातात, त्यांच्या रुग्णवाहिका अडल्या. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा दोन्ही राज्यांनी बसून रुग्णवाहिका सोडायची पद्धत ठरवली. म्हणजे ठरवलं तर ठरतं. तिथं कोर्टात जावं लागलं. आपण आधीच का मागू नये? कोगनोळी, कागवाड-मिरज, शिनोळी आणि चोर्ला. चार वाटांचा प्रश्न आहे.

चंदगडी_बाळू

शिनोळीचं नाव घेतल्याबद्दल आभार. आम्ही उलट्या बाजूचे. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण आमच्या खालच्या पट्ट्यातल्या माणसाला बेळगाव दारात आणि कोल्हापूर लांब. लग्नाचं बस्तं बेळगावात, दात काढायला बेळगावात, आणि अपघात झाला की पण बेळगावच. करार झाला तर आम्हाला पण घ्या त्यात.

रायबागची_शुभा

चर्चेत थोडं पाणी घालते, माफ करा. जिल्ह्यात कक्ष झाला तर गाडी लवकर येईल असं सगळे गृहीत धरालेत. पण जिल्ह्यात फोन वाजला की त्या फोनच्या आधी आणखी एक फोन वाजणार, पुढाऱ्याचा. "आमच्या कार्यकर्त्याच्या सासूला न्यायचंय, गाडी पाठवा." बेळगावच्या कक्षातल्या पोराला त्याच तालुक्यात राहायचंय, त्याची बदली त्याच पुढाऱ्याच्या हातात. तो नाही म्हणू शकेल? बंगळूरच्या पोराला आमचा आमदार कोण हेसुद्धा माहीत नसतं आणि तेच बरं आहे. फोनची नोंद राहते, बोलणं रेकॉर्ड होतं, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, सगळं दिसतं.

आमच्या चुलत सासऱ्यांच्या वेळी असंच झालं होतं, १०८ नव्हती तेव्हा. तालुक्याला एकच गाडी, ती एका मोठ्या माणसाच्या दारात दुपारपासून उभी, गरज लागली तर असावी म्हणून. सासऱ्यांना ऊस वाहायच्या ट्रॅक्टरमधून नेलं. ते वाचले नाहीत. म्हणून मला गाडीचा दोर लांबच्या, अनोळखी माणसाच्या हातात असलेला चालतो.

बैलहोंगलचा बसू

शुभाआक्का, हे मी विचारच केला नव्हता. खरं आहे.

जांबोटीकर

शुभाताई, तुमच्या मुद्द्याला उत्तर शोधावं लागेल. मी थोडा वेळ घेतो.

अंकलीचा_शिवा

तोवर पुराचं बोलतो. २०१९ चा ऑगस्ट आमच्या चिकोडी-कागवाड-अथणीकडचं कोणी विसरणार नाही. २०२१ ला पुन्हा. पण मोठ्या पुराचं जाऊ द्या, तेव्हा एनडीआरएफ येतं, बोटी येतात, सगळ्यांचं लक्ष असतं. मी दरवर्षीचं सांगतो. महाराष्ट्रात घाटावर दोन दिवस पाऊस लागला की दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेवरचे आमचे खालच्या पातळीचे बंधारे पाण्याखाली जातात. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अकोळ. इथं पाऊस नसतो, ऊन पडलेलं असतं, आणि बंधारा बंद. लांब बसलेल्याला वाटतं, चिकोडीत पाऊसच नाही तर रस्ता का बंद असेल? मोबाईलचा नकाशा पण वाट त्याच बंधाऱ्यावरनं दाखवतो. गाडी नदीपर्यंत येते, पाणी बघून मागं वळते, आणि मोठ्या पुलावरून फिरून यायचं म्हणजे तेवढा वेळ गेला.

आमच्या गावात पाटबंधाऱ्याचा माणूस, तलाठी, डेअरीवाला, सगळ्यांना माहीत असतं बंधारा कधी बुडाला आणि कधी उघडला. तहसीलदार कचेरीत रोज यादी होते. ती यादी गाडी सोडणाऱ्याच्या पडद्यावर का नाही? बंगळूर काय, बेळगाव काय, यादी नसेल तर दोघंही आंधळे.

पायलट नव्हे ईएमटी

शिवाभाऊ, लाख बोललात. बंधाऱ्यासारखंच रेल्वे फाटक, जत्रा, उरुस, ऊस हंगामात कारखान्यासमोर लागलेली ट्रॅक्टरची रांग. हे सगळं पायलटच्या डोक्यात असतं, आणि पायलट बदलला की गेलं.

वडगावकर_मंडळ

आमच्या मंडळाची रुग्णवाहिका आहे. बेळगावात अशा पुष्कळ आहेत, मंडळांच्या, पतसंस्थांच्या, देणगीदारांच्या. नंबर गल्लीतल्या प्रत्येकाकडं. फोन आला की पोरगं चावी घेऊन पळतं, पाच-दहा मिनिटांत दारात. आमच्यापेक्षा स्थानिक कोण?

डॉ_अनगोळ

तुमच्या मंडळांचे उपकार आहेत, हे आधी म्हणते. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांत चालक एकटा असतो. मागं पेशंटजवळ त्याचा मुलगा बसलेला, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे पण चावी कुठाय कोणाला ठाऊक नाही. पाय मोडलेल्याला ठीक आहे. पण पाठीच्या मणक्याला मार लागलेल्याला काखेत धरून उचललं तर तो जन्माचा अधू होतो. या गाड्या १०८ च्या पडद्यावर आणाव्यात, चालकाबरोबर एका मुलाला प्रथमोपचाराचं नीट शिक्षण द्यावं, आणि कुठल्या केसला मंडळाची गाडी चालेल आणि कुठल्याला नाही ते फोन घेणाऱ्यानं ठरवावं. गाड्या वाढतील आणि मोठ्या गाड्या गंभीर पेशंटसाठी मोकळ्या राहतील.

वडगावकर_मंडळ

शिकायला आमची पोरं तयार आहेत. शिकवणारं कोणी मिळत नाही, ही अडचण. तुम्ही याल का एखाद्या रविवारी?

डॉ_अनगोळ

येते. निरोप पाठवा.

आशाताई_खानापूर

मी आशा कार्यकर्ती. उशिरा लिहितेय, दिवसभर फिरतीवर असते.

आमच्या जंगलातल्या गावांत फोन कुठं वाजावा हा प्रश्न नंतरचा. फोन लागतच नाही. रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, तिथं पण कधी गोव्याचा टॉवर पकडतो. म्हणून आम्ही काय करतो, बाईची तारीख जवळ आली आणि पावसाचे दिवस असले की तिला आधीच खानापूरला नातेवाइकांकडं आणून ठेवायला सांगतो. सगळ्यांना नातेवाईक नसतात. महाराष्ट्रात आदिवासी भागात माहेरघर म्हणून सोय आहे, आरोग्य केंद्राच्या आवारात बाईनं आधी येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस, जेवण मिळतं. तसं जांबोटीला किंवा खानापूरला झालं तर पुष्कळ बायकांना रात्रीची गाडी शोधावीच लागणार नाही.

आणि दुसरं, कोणाला पोटात दुखालंय, कोणाला शुगर आहे, कोणाची तारीख कधी, हे माझ्या वहीत आहे. वही माझ्याकडं, गाडी बंगळूरकडं. माझा एक फोन थेट गाडीवाल्याला जायला पाहिजे, "उद्या-परवा या घरात केस होणार" म्हणून. आत्ता मी पायलटच्या खासगी नंबरावर सांगून ठेवते, ओळखीनं.

मीनाक्षी_टिळकवाडी

आशाताई, तुमचं काम बघून हात जोडावेसे वाटतात.

आखेनहून प्रसाद

वाचून एक सुचतंय. शुभाताईंना नोंद आणि निःपक्षपात पाहिजे, डॉक्टरांना प्रशिक्षित आवाज पाहिजे, ईएमटीदादांना सगळ्या गाड्या एका पडद्यावर पाहिजेत. तिन्ही कामं मोठ्या कक्षाची. शिवाचा बंधारा, आशाताईंची वही आणि जांबोटीचा नाला ही माहिती जिल्ह्याची. फोन एकीकडं वाजून गाडी दुसरीकडून का सुटू नये? आजही बंगळूरमध्ये उचलणारा आणि सोडणारा वेगळाच आहे, मग दोघं एकाच इमारतीत बसायची सक्ती कुठाय?

रायबागची_शुभा

सोडणारा जिल्ह्यात बसला की पुढाऱ्याचा फोन त्यालाच जाईल.

आखेनहून प्रसाद

पण केस तयार बंगळूरला होणार. नंबर पडलेल्या केसशिवाय गाडी हलवायचा अधिकार त्याला नसेल, आणि ती किती मिनिटांत हलली हे वर दिसत राहील. पुढाऱ्यालासुद्धा १०८ च लावावा लागेल.

रायबागची_शुभा

असं असेल तर माझी हरकत निम्मी कमी झाली. निम्मी ठेवते.

पायलट नव्हे ईएमटी

आणखी एक फायदा. २०२२ च्या सप्टेंबरात बंगळूरच्या कक्षाची यंत्रणा बिघडली तेव्हा सगळ्या राज्याचे फोन एकदम अडले होते. जिल्ह्यात सोडणारा बसलेला असेल आणि त्याच्याकडं जुन्या पद्धतीचा एक साधा लँडलाइन असेल, तर वरचं बंद पडलं तरी गाड्या धावतील.

जांबोटीकर

दोन दिवस इथलं सगळं छापून काढून दोन्ही तटांना वाचायला दिलं. ठरावाचा मसुदा असा झालाय, बघा:

फोन राज्याच्या कक्षातच घेतला जावा, पण बेळगाव जिल्ह्यातून आलेल्या फोनला मराठी आणि उत्तर कर्नाटकचं कन्नड समजणारी व्यक्ती प्रत्येक पाळीत असावी. गाडी सोडणारी टेबलं बेळगावात असावीत, केस नंबरशिवाय गाडी हलू नये, आणि वेळेची नोंद दर महिन्याला पंचायतीला मिळावी. पाण्याखालचे बंधारे आणि बंद रस्ते यांची तहसीलची यादी रोज या टेबलांवर जावी. कोल्हापूर, सांगली आणि गोव्याच्या १०८ शी करार करून जवळची गाडी आणि जवळचं रुग्णालय वापरता यावं, आणि चुकीच्या राज्यात लागलेला फोन न तोडता जोडून द्यावा. मंडळांच्या गाड्यांची नोंदणी आणि प्रशिक्षण व्हावं. खानापूरला माहेरघर व्हावं.

शेवटचे दोन मुद्दे पहिल्या मसुद्यात नव्हते, वडगावकर आणि आशाताईंमुळं आले.

सदलग्याचा विनायक

एका ग्रामसभेचा ठराव खात्यात जाऊन पडेल. सीमेवरच्या जेवढ्या पंचायती होतील तेवढ्यांनी हाच मजकूर आपापल्या ठरावात घ्यावा. आमच्या बाजूच्या दोन-तीन ठिकाणी मी बोलतो. कन्नड मजकूर पण पाहिजे, नाहीतर कचेरीत बाजूला पडेल.

बैलहोंगलचा बसू

कन्नड मी करून देतो. उद्या रात्रीपर्यंत.

चंदगडी_बाळू

आमच्याकडून आमच्या जिल्हा परिषदेला वेगळं पत्र जाईल, करारापुरतं.

आशाताई_खानापूर

जांबोटीकर दादा, माहेरघराच्या ओळीत एवढं घाला: सोबत आलेल्या माणसाच्या जेवणाची आणि घरी राहिलेल्या लहान पोरांची सोय. नाहीतर बाई येतच नाही. सासू म्हणते, गुरं कोण बघणार, पोरं कोण बघणार. आणि एक स्ट्रेचर प्रत्येक जंगल गावात ठेवा म्हणावं, दुमडणारं, दोघा-चौघांना उचलता येईल असं. आजही घोंगडी आणि बांबू शोधण्यात वेळ जातो.

जांबोटीकर

दोन्ही घातलं. ग्रामसभा मंगळवारी सकाळी अकराला आहे.

अंकलीचा_शिवा

बंधाऱ्यांची पूर्ण यादी तुम्हाला निरोपात पाठवलीय. वर जत्राट-भिवशी लिहायचा राहिला होता, तोही त्यात आहे. कोणाला आणखी माहीत असतील तर आजच सांगा, विशेषतः अथणीकडच्यांनी.